बायकोला सुख मिळतं का, हे कुणी विचारतं का?

भिशीवाली

प्रश्न सरळ विचारते. आपल्याकडं लग्न जमवताना पत्रिका, पगार, शेती किती, घर स्वतःचं का भाड्याचं, पोरीला भाकरी येते का, सगळं विचारून होतं. वर्ष झालं की पाळणा कधी हलणार हे गल्लीतली कुठलीही काकू विचारते. पण बाईला नवऱ्याजवळ सुख मिळतं का हे तिला कुणी म्हणजे कुणीच विचारत नाही, नवरा नाही, आई नाही, ज्या डॉक्टरीणबाईंनी दोन बाळंतपणं केली त्याही नाहीत, आणि ती स्वतः तर तोंडच उघडत नाही.

आमच्या भिशीत तिशीपासून पन्नाशीपर्यंतच्या बायका आहेत. चावट बोलण्यात कुणी कुणाला ऐकत नाही, नव्या नवरीला तर घाम फोडतात. पण मध्ये एकीनं जरा खरंच विचारलं, तुम्हाला प्रत्येक वेळी 'होतं' का गं, तर सगळ्यांना एकदम पांढरा रस्सा गार होत चालल्याचं आठवलं. नंतर मात्र एकेक बोलायला लागली. एक म्हणाली मी नाटक करते, म्हणजे लवकर आटोपतं, सकाळी नळाला पाणी यायच्या आत उठायचं असतं. एकीला दर वेळी दुखतं आणि तिची समजूत होती की सगळ्यांनाच दुखत असणार. एक म्हणाली मला कधी काही वाटतच नाही, माझ्यातच दोष असेल. आणि एक वयानं मोठी, ती म्हणाली अगं ते पुरुषांचं असतंय, आपण आपलं पडून राहायचं.

यातल्या कुणाचाही नवरा वाईट नाही हे मुद्दाम सांगते. बायको तापानं फणफणली तर रात्रभर उशाशी बसणारी माणसं आहेत. मग घोडं अडतंय कुठं? बाया-बापे दोघांनी लिहा. अचकट विचकट लिहिणाऱ्यांना आधीच हात जोडते.

पेठेतला_गडी

नाद खुळा धागा ताई. आमच्या बाजूनं सांगतो. आम्हाला शिकवलंय कुणी? तालमीत वस्ताद सांगायचे लंगोट घट्ट ठेवा, बाईकडं बघू नका, ताकद जाती. सगळं पोरवय ते ऐकायचं आणि मग अंगावरची हळद उतरायच्या आत एका रात्रीत सगळं यायला पाहिजे. राहिलेलं शिक्षण मोबाईलवर, तिथली बाई दोन मिनिटात ओरडायला लागती आणि पोरं तेच खरं धरून बोहल्यावर चढतात. मित्रामित्रात बोलणं काय तर किती वेळ आणि किती वेळा. बायकोला काय आवडतं असं कट्ट्यावर कुणी विचारलंच तर म्हणतील ह्याच्यातच काहीतरी कमी हाय.

ओपीडीतली

मी स्त्रीरोगाची डॉक्टर आहे, कोल्हापुरातच. भिशीतल्या चारी जणी माझ्यासमोर रोज बसतात, फक्त तक्रार वेगळी घेऊन येतात. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, थकवा येतो. चार प्रश्न जास्त विचारले की मग मूळ गोष्ट निघते, तीही सासू बाहेर बाकड्यावर बसली असेल तरच.

आधी शरीराचं सांगते कारण निम्मा गोंधळ तिथंच आहे. बाईच्या सुखाचा मुख्य अवयव योनीमार्ग नाही, शिश्निका म्हणजे क्लिटोरिस आहे. बाहेरून दिसतो तो वाटाण्याएवढा किंवा त्याहून लहान भाग, बाकीचा सगळा आत आहे, योनीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. मेलबर्नच्या हेलन ओकॉनेल या यूरॉलॉजिस्ट बाईंनी १९९८ मध्ये हे नीट मांडलं, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. योनीच्या आत खोलवर संवेदना कमी असते, जी आहे ती बरीचशी बाहेरच्या भागात. त्यामुळं नुसत्या संभोगानं बहुतेक बायकांना ऑर्गॅझम, म्हणजे सुखाचा परमोच्च क्षण, येत नाही, आणि यात दोष कुणाचाच नाही, रचनाच तशी आहे. अमेरिकेत १८ ते ९४ वयाच्या हजारावर बायकांची पाहणी २०१८ मध्ये छापून आली, त्यात नुसत्या संभोगानं काम होतं म्हणणाऱ्या १८ टक्क्यांच्या आसपास होत्या. बाकीच्यांना शिश्निकेला स्पर्श लागतो, किंवा असला तर जास्त बरं वाटतं.

दुसरा एक आकडा नेहमी सांगते. तिथलीच ५२ हजारांवर लोकांची पाहणी आहे. बाईबरोबर राहणाऱ्या पुरुषांपैकी ९५ टक्के म्हणाले आम्हाला जवळजवळ दर वेळी ऑर्गॅझम येतो. पुरुषाबरोबर राहणाऱ्या बायकांमध्ये हे ६५ टक्के. आणि बाईच बाईबरोबर राहते तिथं ८६. आता 'बाईचं शरीरच अवघड' हे कारण टिकतंय का बघा.

उद्यमनगर_नाईटशिफ्ट

मॅडम मग साधारण किती मिनिटं धरायची? आणि ते शिलाजीत, कॅप्सूल वगैरेनं फरक पडतो का? भिंतीवर जाहिराती असतात त्या. मित्र घेतोय एक.

पेठेतला_गडी

मित्र घेतोय 😄 भावा, हायवेच्या कडंला तंबू ठोकून बसलेल्यांचं ते काही घेऊ नको, दोन-चार हजाराला कापतात आणि वर घाबरवून सोडतात.

ओपीडीतली

मिनिटांचा हिशेबच सोडून द्या हो. दहा मिनिटं असोत नाहीतर अर्धा तास, ज्यात तिला काही होत नाही तेच जास्त वेळ केलं तर तिला फक्त जास्त वेळ काही होत नाही, आणि वरून ओलावा आटून आग व्हायला लागते. त्या 'आयुर्वेदिक' कॅप्सूलमध्ये कित्येकदा न सांगता सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं सापडलेलं आहे. हृदयविकारासाठी नायट्रेटची गोळी चालू असलेल्या माणसानं ते घेतलं तर बीपी एकदम कोसळतं, जीवावर बेततं. मित्राला सांगा.

वेळ लावायचाच तर आधी लावा. बाईच्या शरीराला तयार व्हायला वेळ लागतो, रक्तपुरवठा वाढतो, ओलावा येतो, आतला भाग सैलावतो, मग बाकीचं. हे व्हायच्या आत घाई केली की दुखणारच.

पेठेतला_गडी

म्हणजे अंग गरम न करता थेट मैदानात उतरायचं आणि मग लचक भरली म्हणून बोंबलायचं. कळलं.

कळंब्याचं_वारं

मी बोलतो का. आमच्याकडं खरी अडचण घराची होती. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत सासू-सासरे आणि दीर, आतल्या खोलीच्या दाराला कडीच नाही, नुसता पडदा आणि लोटलेलं दार. लोखंडी कॉट, कूस बदलली तरी करकरतीय. सासऱ्यांना रात्री तीनदा उठायची सवय. अशात कसलं सुख, माझं निम्मं लक्ष त्यांच्या खोकल्याकडं. नवरा म्हणायचा तू अशी दगडासारखी का असतीस. अरे दगड नाही, कान लावून बसलोय मी.

मग काय केलं, आधी कडी बसवली. पोरगं मोठं झालंय, दार उघडून येतंय म्हणून सांगितलं, कुणी काही बोललं नाही. कॉट काढून गादी जमिनीवर. आणि रविवारी घरची मंडळी जोतिबाला जातात तेव्हा आम्ही जात नाही, दुपारी निवांत. रात्री अकराला मी मेलेली असतो, दुपारी माणसात असतो.

उद्यमनगर_नाईटशिफ्ट

दादा तुम्ही आधी 'नवरा म्हणायचा' लिहिलंय?

कळंब्याचं_वारं

बाईच हाय ओ. आमच्या कोल्हापुरात पोरी 'येतो जातो'च करतात, पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून दमलो 😂

आणि एक. तोंडानं सांगायला मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. इथं नको तिथं, जोरात नको हळू, हे शब्दच फुटायचे नाहीत. मग त्याचा हात धरून नेला. तो पण पहिल्यांदा दचकला, मग म्हणाला एवढंच होतं तर आधी का नाही. आता बोलायला पण येतं, अंधारात.

सुसंस्कृत

असले विषय चव्हाट्यावर आणून काय साधता? आपल्या आज्या-पणज्यांनी असल्या तक्रारी केल्या नाहीत, आठ-आठ लेकरं वाढवली, संसार केले. हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे.

वकिलीणबाई

आठ लेकरं झाली याचा अर्थ पणजी सुखात होती असा होत नाही, एवढंच सिद्ध होतं की पणजोबा घरी होते.

पाश्चात्त्य खुळाचं म्हणाल तर र. धों. कर्वे मराठीच होते, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, पदरमोड करून. बाईलाही कामसुखाचा हक्क आहे हे ते त्या काळात मराठीत लिहीत होते, वाचकांचे प्रश्न छापून त्यांना उत्तरं देत होते. त्यावरून खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं कोर्टात बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले ते वेगळं, पण विषय मराठीत येऊन शंभर वर्षं होत आली, आणि आपण अजून चव्हाट्यावरच अडलोय.

आता माझ्या कामाचं. समाधानाच्या आधी 'नाही' म्हणता येतं का हे बघावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ ची आहे, त्यात ८२ टक्के विवाहित बायकांनी सांगितलं की इच्छा नसेल तर आम्ही नवऱ्याला नाही म्हणू शकतो. आकडा चांगला वाटतो, पण म्हणजे दर सहा बायकांमागं एकीला ते म्हणता येत नाही. सज्ञान बायकोवर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येतून अजूनही वगळलेली आहे, नव्या न्याय संहितेतसुद्धा. मात्र २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ धरलेला आहे, त्याखाली संरक्षण मागता येतं. जिला नाही म्हणायची भीती वाटते तिच्या ऑर्गॅझमवर चर्चा करण्यात अर्थ नाही, आधी ती भीती जायला पाहिजे.

भिशीवाली

वकिलीणबाई 🙏 पणजोबांचं वाचून मोठ्यानं हसले, घरातले विचारायला लागले काय झालं.

एकसष्टीची

मी निवृत्त शिक्षिका, वय नावातच आहे. पोरींनो, उतारवयाचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. पाळी गेल्यावर आम्हाला वाटलं हा विषय संपला, कारण जवळ आलं की आग व्हायची, दोन दिवस लघवीला त्रास. मी टाळायला लागले, यांना वाटलं मी रुसले, हे बोलेनासे झाले. घरात अबोला, कारण कुणालाच माहीत नाही, मुलगी आली की म्हणायची तुमचं काय बिनसलंय. शेवटी युरीन इन्फेक्शनसाठी गेले तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितलं की हार्मोन कमी झाल्यानं आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते, क्रीम दिलं. दोन-तीन महिन्यात फरक पडला.

आणि खरं सांगू का, आता दिवस राहायची धास्ती नाही, पोरं जागी होतील ही भीती नाही. यांना शुगर आहे, पूर्वीसारखं सगळं जमत नाही, पण त्यामुळंच बाकीच्या गोष्टींना वेळ द्यायला लागले. तरुणपणी एवढं पाठीवरून हात फिरवणं माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

ओपीडीतली

आजी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. पाळी जाताना आणि बाळ अंगावर पीत असताना, दोन्ही वेळी इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन कमी असतं, म्हणून कोरडेपणा येतो. ओली बाळंतीण नवऱ्याला टाळते तेव्हा तिचं प्रेम आटलेलं नसतं, हार्मोन, टाके आणि झोप या तिन्हीचा घोळ असतो. आजींना दिलं ते योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम, ते डॉक्टरच्या चिठ्ठीनंच घ्यायचं, स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर आधी सांगायचंच. ज्यांना फक्त ओलावा कमी पडतो त्यांनी मेडिकलमधून पाण्याचा बेस असलेलं ल्युब्रिकंट जेल आणावं, त्याला चिठ्ठी लागत नाही. खोबरेल तेल लोक सर्रास वापरतात, पण कंडोम असेल तर नको, तेलानं कंडोमचं रबर, म्हणजे लॅटेक्स, फाटतं.

धास्तीचं बरोबर बोललात. दिवस राहतील या भीतीत अर्धा जीव अडकलेल्या बाईला सुख कसलं. आणि ती जबाबदारी कुणाच्या गळ्यात आहे बघा, वकिलीणबाईंनी सांगितलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीतच देशभरात बायकांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३. पुरुषांचं ऑपरेशन छोटं, बिनटाक्याचं, त्याच दिवशी घरी. ताकद जात नाही, इच्छा जात नाही. पेठेतले गडी, तालमीत सांगा जरा. फक्त ऑपरेशन झालं की लगेच निर्धास्त व्हायचं नाही, तीन महिने कंडोम आणि मग वीर्याची तपासणी.

पेठेतला_गडी

तालमीत हे बोललो तर मला उचलून रंकाळ्यात टाकतील. तरी बघतो.

मॅडम एक शंका. बायकोला मी विचारतो की बरं वाटलं का, ती म्हणती 'बरं हाय'. दर वेळी 'बरं हाय'. ह्याच्यातून काय समजायचं? आणि तिला स्वतःहून कधी इच्छाच होत नाही, सुरुवात कायम माझ्याकडूनच.

कळंब्याचं_वारं

'बरं हाय' म्हणजे झोपू दे आता.

भिशीवाली

हे मी सांगते कारण नाटकाचा विषय इथंच येतो. लगेच झाल्यावर, दिवा लावायच्या आत 'कसं वाटलं' विचारलं की बाईला ते परीक्षेचा निकाल विचारल्यासारखं वाटतं, नापास सांगितलं तर ह्याचं तोंड उतरणार, मग दोन दिवस घरात सुतक. त्यापेक्षा बरं हाय. एकदा का खोटं 'झालं' म्हणून सांगितलं की मग पुढं खरं सांगणं आणखी अवघड, कारण मग इतकी वर्षं काय होतं हा प्रश्न येतो. माझ्या मैत्रिणीनं मागचं काही उकरलंच नाही, नुसतं म्हणाली आता मला असं करून बघावंसं वाटतंय. तेवढ्यावर गाडी पुढं गेली.

विचारायचं तर अंथरुणाबाहेर विचारा. रंकाळ्यावर फिरायला नेता ना, तोंडं समोरासमोर नसतात, अंधार पडलेला असतो, तिथं बोलणं सोपं जातं. आणि 'आवडतं का' असं मोघम नको, 'हे जास्त आवडतं का ते' असं विचारा, उत्तर देता येतं. तिनं काही सांगितलं तर त्यावर 'मग आधी का नाही बोललीस' हे तेवढं गिळा.

ओपीडीतली

इच्छेबद्दल. काहींना इच्छा आधी होते मग जवळ येतात. पुष्कळ बायकांचं उलटं असतं, विशेषतः लग्न जुनं झाल्यावर. आधी जवळीक, उबदार स्पर्श, निवांतपणा, मग त्यातून इच्छा जागी होते. रोझमेरी बॅसन या कॅनडातल्या डॉक्टरीणबाईंनी २००० साली हे मांडलं, त्यानंतर आम्ही 'इच्छाच नाही' म्हणणाऱ्या प्रत्येक बाईला आजारी समजत नाही. त्यामुळं ती सुरुवात करत नाही म्हणजे तिला नकोच असतं असं नाही. पण ती सुरुवात न करता 'हो' म्हणते म्हणजे दर वेळी तिला हवंच असतं असंही नाही, तेवढं विचारावं लागतं.

आणि इच्छेला ब्रेक लावणाऱ्या गोष्टी शयनगृहात फार कमी असतात. ओट्यावरची भांडी, सकाळचे डबे, सासूचं बोलणं, कर्जाचा हप्ता. रात्री नऊला पातेली कुणी घासली याचा साडेदहाशी संबंध असतो. शिवाय जवळ घेतलं की ते 'तिथंच' जाणार हे ठरलेलं असेल तर बाई साधं जवळ घेणंही टाळायला लागते. कधीतरी नुसतं जवळ घेऊन झोपा की.

थायरॉईड, रक्त कमी असणं, डिप्रेशन, यानेही इच्छा जाते. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी ऑर्गॅझम लांबतो किंवा येतच नाही. मनानं गोळी बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांनाच सांगायचं, बदलून देता येते.

उद्यमनगर_नाईटशिफ्ट

पातेली घासायची तयारी हाय. पण मी सकाळी सातला घरी येतो, ती आठला कामावर जाती. आठवड्यात एक सुट्टी, त्यात पण दोघांची जुळली तर.

कळंब्याचं_वारं

मग त्या सुट्टीला पाहुण्यांच्यात जाऊ नका, वास्तुशांती बिस्तुशांती बघून घेतील दुसरे. ठरवून करायचं म्हटलं की लोकांना हसू येतं, पण ठरलेलं असलं की माझं डोकं तरी मोकळं असतं.

नवीनच_नाव

हा आयडी आजच काढलाय. लग्नाला वर्ष होऊन गेलं आणि आमचं अजून झालेलंच नाही. म्हणजे प्रयत्न केला की मी अंग आखडते, मांड्या आपोआप मिटतात, आत भिंत असल्यासारखं वाटतं, खूप दुखतं. नवरा समजूतदार आहे, जबरदस्ती करत नाही. पण सासरी गुड न्यूज विचारतात, आणि एका डॉक्टरांनी नुसतं 'रिलॅक्स व्हा, दूध पिऊन झोपा' सांगून घालवलं. माझ्यात काही कमी आहे का? जननेंद्रियाची रचना चुकीची असते का कुणाची?

ओपीडीतली

तू सांगतेस त्यावरून हे व्हजायनिस्मस वाटतंय, तपासल्याशिवाय पक्कं सांगणार नाही. यात योनीभोवतीचे स्नायू तुझ्या इच्छेविरुद्ध आपोआप आवळले जातात, डोळ्यासमोर काही आलं की पापणी मिटते ना, तू ठरवून करत नाहीस. रचना बहुतेक वेळा व्यवस्थित असते. उपचार आहे आणि चांगला गुण येतो. पेल्विक फ्लोअरची, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची, फिजिओथेरपी असते, श्वासाचे आणि स्नायू सैल सोडायचे व्यायाम, मग डायलेटर, म्हणजे योनीत घालायची गुळगुळीत कांडी, अगदी बारीक आकारापासून हळूहळू पुढं, तुझ्या हातानं, तुझ्या गतीनं. सोबत समुपदेशन. तोपर्यंत आत जायचा प्रयत्न पूर्ण बंद, बाकी जवळीक चालू. दुखत असताना सहन करून 'एकदा होऊन जाऊ दे' म्हणणं सगळ्यात वाईट, त्यानं स्नायू आणखी घट्ट होतात.

नवीनच_नाव

कुणाकडं जायचं? आणि नवऱ्याला घेऊन जाऊ का एकटी? सासूबाई सोबत येते म्हणतात.

ओपीडीतली

आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, कारण दुसरं काही कारण नाही ना हे बघावं लागतं. सीपीआर या आपल्या सरकारी दवाखान्यात स्त्रीरोग विभाग आहे, खासगीतही खूप जण आहेत. फोनवरच विचार की संभोगात दुखण्याच्या तक्रारीवर उपचार करता का आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवता का. नाही म्हणाले तर दुसरीकडं फोन लाव. लगेच आतून तपासू नका असं सांगायचा तुला अधिकार आहे, पहिल्या भेटीत नुसतं बोलणं झालं तरी चालतं. नवऱ्याला ने, व्यायामात त्याचंही काम असतं. सासूबाईंना सांग पाळीचं दाखवायला चाललेय.

एकसष्टीची

आणि अंबाबाईला जाऊन येतो म्हणालीस तर त्या बरोबर येतील बरं का, ते कारण देऊ नकोस.